पाय अचानक सुजले तर...

या महिन्याचा प्रश्न धुळ्याच्या एका भगिनीने विचारला आहे. त्या लिहितात, "माझ्या सासूबाईंचे वय 62 आहे. दहा-बारा वर्षांपासून शुगर आणि बी.पी. आहे. आठ दिवसांपूर्वी अचानक दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजले. चप्पल पायात जात नाही. शेजारच्या खाला गोखरूचा काढा द्या म्हणतात. मेडिकलवाल्याने पाणी उतरवायची गोळी दिली आहे, ती अजून दिलेली नाही. काही जण म्हणतात, पाणी कमी प्या. अम्मींना येणारे रोजे चुकवायचे नाहीत. आम्ही काय करावे?"

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर अशा गावांहूनही याच विषयावर अधूनमधून विचारणा होत असते. त्यामुळे या भगिनीला उत्तर देताना सर्वच घरांना उपयोगी पडेल असे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. पायाची सूज हा स्वतः एक आजार नाही, ती आतल्या कशाची तरी खूण आहे. रक्तातील पाणी शिरांतून बाहेर झिरपून कातडीखाली साठते आणि उभ्या माणसाचा सर्वांत खालचा भाग पाय असल्यामुळे ते तिथे उतरते. ते का झिरपले याची कारणे डझनभर आहेत. काही अगदी साधी आहेत, रात्रभर पाय वर ठेवले की सकाळी सूज गायब. काहींमध्ये मात्र एक दिवसाचा उशीरही महाग पडतो. म्हणून "सुजेवर काय द्यावे?" हे नंतर विचारावे, "सूज कशाची?" हे आधी.

घरीच करायच्या तीन तपासण्या

पहिली : सूज एका पायाला आहे की दोन्ही पायांना? एका पायाची सूज बहुतेक वेळा त्या पायातच काहीतरी बिघडल्याचे सांगते. दोन्ही पायांची सूज हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त किंवा एखादे औषध यांच्याकडे बोट दाखवते.

दुसरी : नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडून तो हळूहळू भरत असेल तर कातडीखाली पाणी साठले आहे.

तिसरी : सूज दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते? संध्याकाळी वाढून सकाळी उतरणारी सूज बहुधा उभे राहण्याची, उष्म्याची किंवा शिरांची असते. सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या आणि चेहराही फुगलेला दिसत असेल, लघवीला साबणासारखा फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी लगेच करावी. लहान मुलाचा चेहरा व पाय असे सुजले तर "मूल अंगाने भरले" असे समजून गप्प बसू नये. लघवीतून प्रथिने वाहून जाण्याच्या आजारात मुले अशीच दिसतात आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक मुले सुधारतात.

एकच पाय सुजला असेल तर

*शिरेत रक्ताची गाठ :* पोटरी दुखते, गरम लागते, घट्ट होते, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो. ऑपरेशननंतर, प्लास्टरमध्ये पाय असताना, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, किंवा चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केल्यावर असे होण्याचा संभव वाढतो. ही गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. म्हणून अशा पायाला तेल लावून चोळू नये, मालीशवाल्याकडे नेऊ नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, केली की निदान होते.

*कातडीखाली जंतुसंसर्ग :* पाय लाल, गरम, दुखरा, सोबत थंडी-ताप. बोटांच्या बेचक्यातील चिरेतून किंवा टाचेच्या भेगेतून जंतू शिरतात. मधुमेही माणसाला वेदना कमी जाणवते, त्यामुळे त्याने दुप्पट सावध राहावे.

*सर्पदंश :* खान्देशात पावसाळ्यात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ही शंका नेहमी मनात ठेवावी. घोणस किंवा फुरसे चावल्यावर पाय झपाट्याने सुजतो आणि सूज वर चढत जाते. अंधारात चावा लागला तर माणूस "काटा लागला" म्हणून घरी येतो. हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लालसर होणे ही पुढची लक्षणे आहेत. पैंजण, अंगठ्या, जोडा लगेच काढावा. पाय हलू देऊ नये. दोरी करकचून आवळू नये, ब्लेडने कापू नये, रक्त चोखू नये. झाडफुंकीत वेळ घालवू नये. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचे इंजेक्शन असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते एकच औषध चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. ते गोठते की नाही हे त्यांना पाहायचे असते. नातेवाइकांनी त्याला उशीर समजून गोंधळ घालू नये.

*हत्तीरोग :* राज्याच्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत जळगाव आणि नंदुरबार यांची नावे आहेत. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास हा रोग पसरवतात. सुरुवातीला ताप, जांघेत गाठ आणि पायाला येणारी-जाणारी सूज असते. याचे जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री रक्त घ्यायला येतात. त्यांना परत पाठवू नये. सूज वारंवार येऊ लागली की लगेच दाखवावे, कारण पाय एकदा कायमचा जाड झाला की पूर्वीसारखा होत नाही.

मुरगळणे, हाडाला तडा जाणे आणि रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन असह्य दुखणे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा वात, हीही एका पायाच्या सुजेची नेहमीची कारणे आहेत.

दोन्ही पाय सुजले असतील तर

साधे कारण आधी पाहू. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उष्म्याने शिरा सैल पडतात आणि पाणी खाली उतरते. त्यात माणूस धुळ्याच्या यंत्रमागावर पाळीभर उभा असेल, जळगावच्या चटई कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये काम करत असेल, किंवा दुकानात गल्ल्यावर पाय लोंबकळत ठेवून बसत असेल, तर संध्याकाळी घोटे भरून येणारच. सकाळी सूज पूर्ण उतरत असेल, दम लागत नसेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

हृदय कमजोर झाले असेल तर सुजेसोबत दम लागतो. सपाट झोपवत नाही, दोन-तीन उशा लागतात, रात्री घुसमटून जाग येते, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते. हे वजन चरबीचे नसते, साठलेल्या पाण्याचे असते. यकृत बिघडले असेल तर पोट फुगते, डोळे पिवळे होतात. रक्त फार कमी असेल तर चेहरा पांढरा पडतो, थोडे चालले तरी धाप लागते. थायरॉईड मंदावले असेल तर आवाज जाड होतो, थंडी सोसवत नाही, आळस येतो.

आता एक असे कारण, जे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते : औषधे. रक्तदाबासाठी अतिशय प्रचलित असलेल्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीने अनेकांच्या घोट्यांना सूज येते. डोस वाढवल्यावर ती अधिक दिसते. ही सूज सहसा धोक्याची नसते आणि डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर रक्तदाब उसळून लकव्याचा धोका निर्माण होतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात. मधुमेहातील पायोग्लिटाझोन आणि पायाच्या आगीसाठी दिली जाणारी प्रीगाबालिन यांनीही सूज येऊ शकते.

गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांबाबत विशेष सांगायचे आहे. "एका पुडीत आराम" देणाऱ्या अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. आठ दिवस गुडघा दुखत नाही, मग चेहरा गोल होतो, पाय सुजतात, शुगर वाढते. आपल्या घरातील आजी-आजोबा अशी पुडी घेत असतील तर ती डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम थांबवणेही घातक असते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानेच सोडावी.

गरोदर भगिनींसाठी

शेवटच्या तीन महिन्यांत घोट्याला थोडी सूज येणे स्वाभाविक आहे. पण सूज अचानक वाढली, हातांना आणि चेहऱ्यालाही आली, अंगठी निघेना, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येऊ लागली, छातीखाली उजव्या बाजूला दुखू लागले, तर हा गरोदरपणातील रक्तदाबाचा आजार असू शकतो. यात झटके येऊन आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. "पहिलटकरणीचे पाय सुजतातच" असे म्हणून सासूबाईंनी किंवा नणंदेने थांबवू नये. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिथे रक्तदाब आणि लघवी दोन्ही पाहिले जातात. बाळंतपण झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतही ही लक्षणे उद्भवू शकतात.

घरातील सर्वांचेच पाय सुजले तर

हे क्वचित घडते, पण माहीत असावे. 1998 च्या ऑगस्टपासून दिल्लीत कुटुंबेच्या कुटुंबे सुजलेले पाय घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. आधी जुलाब, मग दोन्ही पायांना सूज, लाली आणि आग, नंतर दम. कारण निघाले मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल. साठहून अधिक माणसे दगावली आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. पिवळा धोतरा म्हणजे काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे ते झाड, जे आपल्याकडे पडीक जमिनीवर आणि रस्त्याच्या कडेला सर्रास उगवते. त्याचे बी काळ्या मोहरीसारखेच दिसते. खान्देशात शेंगदाणा, सरकी, सोयाबीनचे तेल जास्त चालते, पण उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या घरांत आणि लोणच्यासाठी मोहरीचे तेल वापरले जाते. ते सीलबंद आणि नाव-पत्ता असलेलेच घ्यावे. घरातील दोन-तीन जणांचे पाय एकदम सुजले तर आधी ते तेल बंद करा, थोडे बाटलीत जपून ठेवा आणि दवाखान्यात तसे सांगा.

धुळ्याच्या भगिनीला उत्तर

आपल्या सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही बऱ्याच वर्षांपासून आहेत. अशा माणसाचे दोन्ही पाय आठ दिवसांत सुजले तर मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंची तपासणी झाल्याशिवाय कोणताही काढा किंवा गोळी देऊ नये. ती गोळी दिली नाहीत, हे योग्यच केले. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पाणी उतरते, पण सोबत क्षारही निघून जातात. चुकीच्या माणसाला दिली तर चक्कर, पायात गोळे आणि मूत्रपिंडाला इजा होते. शिवाय सूज उतरल्यामुळे मूळ आजार झाकला जातो.

गोखरू आणि पुनर्नवा आपल्याकडे सुजेवर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. वनस्पतीला कमी लेखायचे नाही. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर काढ्यातील पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. हीच गोष्ट केळीची. जळगाव जिल्ह्यात केळे हे घरचे फळ, आजाऱ्याला भेटायला जाताना आपण डझनभर घेऊन जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारूनच केळे, नारळपाणी आणि फळांचे रस घ्यावेत. बाजारातील "कमी सोडियमचे मीठ" हेही पोटॅशियमचेच असते, तेही विचारल्याशिवाय आणू नये.

पाणी कमी करण्याचा सल्लाही सर्वांना लागू नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर मोजून पाणी देतात, बाकीच्यांनी खान्देशच्या उन्हात पाणी तोडले तर नुकसानच होईल.

या तपासण्या करून घ्या : रक्तदाब, वजन, लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, ई.सी.जी. आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास हृदयाची सोनोग्राफी व थायरॉईड. यातील लघवीची तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त माहिती देते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने सूज नसतानाही ती दरवर्षी करावी. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, "पांढरी गोळी" एवढ्या वर्णनावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत.

रोज्यांबाबत : आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे, ती अल्लाहची मेहरबानी आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. अम्मींनी रोजे ठेवावेत की नाही हे तपासणीचे अहवाल पाहून डॉक्टरांना विचारा आणि मग आपल्या आलिमांचा सल्ला घ्या. रोजे ठेवता येणार असतील तर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारनुसार डॉक्टरच बदलून देतील. महिनाभर गोळ्या बंद ठेवून ईदच्या दिवशी दवाखान्यात भरती होणारे रुग्ण दरवर्षी असतात. ही वेळ आपल्या घरावर येऊ नये.

इफ्तार, वुजू आणि सफर

सुजेचा सर्वांत मोठा मित्र मीठ आहे. दिवसभरात एका माणसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे. आपल्या दस्तरखानावर भजी, समोसे, शेव, चाट मसाला, लोणचे आणि कबाब एकत्र येतात. त्यात खान्देशी पापड, बिबडे आणि शेवभाजीची भर पडते. ज्यांना सूज आहे त्यांच्यासाठी पापड-लोणचे बंद, आमटी-सालनात मीठ निम्मे आणि ताटात वरून मीठ घेणे नाही, एवढे केले तरी फरक दिसतो. लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरे यांनी चव सांभाळता येते.

वुजू करताना आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो. पायाच्या तपासणीची यापेक्षा चांगली संधी कोणती? बोटांच्या बेचक्यात खिलाल करताना चीर, फोड, रंगातील बदल नजरेस पडतो. मधुमेही व्यक्तीने त्यानंतर बेचके कोरड्या कापडाने टिपून घ्यावेत, ओले राहिले की बुरशी धरते आणि तिथूनच जंतू शिरतात. हिवाळ्यात गरम पाण्याने वुजू करायचा असेल तर पाणी हाताच्या कोपराने आधी पाहावे, बधिर पायाला चटका कळत नाही. ज्यांना सुजेमुळे कअद्यात बसता येत नाही त्यांनी खुर्चीवर नमाज अदा करावी.

हज-उमराला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : विमानात तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी पंजे वर-खाली करावेत. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांतच तीन किलोमीटरच्या वर चालणे होते, तवाफ वेगळा. म्हणून दोन महिने आधीपासून रोज चालण्याचा सराव करावा. जोडे संध्याकाळी, पाय थोडे भरलेले असताना विकत घ्यावेत. मधुमेही हाजींनी तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालू नये.

घरी काय करावे, काय करू नये

साध्या सुजेवर पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडावे, असे दिवसातून तीन-चार वेळा. उभे राहून काम असेल तर अधूनमधून टाचा उचलून पुन्हा टेकाव्यात, पोटरीचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलतात. पण दम लागत असेल तर माणसाला सपाट झोपवू नये, टेकून बसवावे. दाबपट्टीचे मोजे डॉक्टरांना विचारून घ्यावेत, ज्यांच्या पायांचा रक्तपुरवठा कमी आहे त्यांना ते अपायकारक ठरतात. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने बरे वाटते, पण आतील पाणी कमी होत नाही आणि मधुमेहात भाजण्याचा धोका असतो.

लगेच दवाखाना गाठावा अशी लक्षणे

- सुजेसोबत दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे
- एकाच पायाला अचानक सूज व पोटरीत वेदना
- पाय लाल-गरम आणि ताप, किंवा पायाचा रंग काळा-निळा होणे
- गरोदर स्त्रीला डोकेदुखी, अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज
- लघवी फार कमी होणे, गुंगी येणे
- शेतातून किंवा अंधारातून आल्यावर वाढत जाणारी सूज

यासाठी 108 क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते, गरोदर मातांसाठी 102 आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि जळगावातही 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिससह अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

शेवटी घरातील पुरुषांना एक विनंती. आपल्या अम्मी, बहिणी, पत्नी पायाची सूज सलवारीखाली झाकून कामे उरकत राहतात. "कशाला दवाखाना, उतरेल" हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. कुणाला पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटतो, तर कुणाला खर्चाची काळजी. आपण स्वतः विचारा, लेडी डॉक्टरांकडे न्यायचे असेल तर तशी सोय करा, सोबत जा. इलाज करणे ही सुन्नत आहे, शिफा देणारा अल्लाह आहे. आपल्या हातात एवढेच आहे की उशीर होऊ द्यायचा नाही.